काळे पाकीट आणि शाईवाचून उमटणारी अक्षरे



१७ नोव्हेंबर २०२३ रोजी मध्य प्रदेश विधानसभेसाठी मतदान झाले. त्या दिवशी पहाटे, बैरसियाच्या खेड्यांपासून गोविंदपुऱ्याच्या कामगार वसाहतींपर्यंत, भोपाळ जिल्ह्यातील प्रत्येक मतदान केंद्रावर अभिरूप मतदान घेण्यात आले. नियमाप्रमाणे किमान ५० मते उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष देऊन यंत्रांची परीक्षा घ्यावयाची असते. त्यानंतर व्हीव्हीपॅट यंत्रात पडलेल्या चिठ्ठ्या बाहेर काढून, पाठीमागे शिक्का मारून, जाड काळ्या कागदाच्या पाकिटात मोहोरबंद करतात. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शिक्षकांनी व कर्मचाऱ्यांनी ही पाकिटे हाताळलेली आहेत. पाकीट काळेच का, हा प्रश्न मात्र घाईगर्दीत सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर त्या चिठ्ठीच्या कागदात आहे.

व्हीव्हीपॅटमध्ये शाई नसते, फीत नसते, भुकटीही नसते. तरीही मतदाराने कळ दाबताच उमेदवाराचा क्रमांक, नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि आपोआप कापली जाऊन पेटीत पडते. येथे अक्षर बाहेरून आणून उमटविलेले नसते. ते कागदातच सुप्त असते. या कागदाच्या एका बाजूस अत्यंत पातळ लेप दिलेला असतो. त्यात दोन द्रव्यांचे सूक्ष्म कण असतात. एक रंगद्रव्य, जे मुळात रंगहीन असते; दुसरे सौम्य आम्लधर्मी द्रव्य. घन अवस्थेत दोघेही शेजारी शेजारी स्वस्थ असतात. उष्णता लागली की कण वितळतात, एकमेकांत मिसळतात आणि रंगहीन द्रव्य तत्क्षणी काळे होते.

ही उष्णता देण्याचे काम छपाईच्या पट्टीचे. तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा तापकांची एक ओळ असते. सर्वसाधारण यंत्रात एका मिलिमीटरच्या अंतरात असे आठ तापक मावतात. रबरी रूळ कागद पुढे सरकवितो आणि ज्या ठिकाणी ठिपका हवा तेथील तापक सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच तापतो. ठिपक्यांच्या ओळींमागून ओळी उमटत अक्षर आणि चित्र तयार होते. हे तंत्र अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या संस्थेत १९६० च्या दशकात आकारास आले. त्याच्या जनकांपैकी एक जॅक किल्बी. एकात्मिक विद्युत्‌मंडलाच्या शोधासाठी त्यांना पुढे २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मतदान केंद्रासाठी हेच तंत्र का, हेही समजण्यासारखे आहे. हलणारे भाग थोडे, आवाज जवळजवळ नाही, शाई संपण्याची वा सांडण्याची धास्ती नाही, आणि बॅटरीवर चालत असल्याने विजेविना असलेल्या शाळेतही काम अडत नाही. परंतु जी उष्णता अक्षर उमटविते, तीच पुढे त्या अक्षराची वैरीण ठरते. उन्हात वा तापलेल्या मोटारीत ठेवलेला कागद सर्वांगी काळवंडतो. उलट, प्रखर प्रकाशात, तेलाच्या हातात, प्लॅस्टिकच्या पाकिटात किंवा चिकटपट्टीखाली उमटलेले अक्षर हळूहळू विरून जाते. काळे पाकीट आहे ते प्रकाशापासून रक्षणासाठी. व्हीव्हीपॅटच्या कागदावरील छपाई सुमारे पाच वर्षे टिकावी अशी त्याची घडण असते. निवडणुकीच्या निकालास आव्हान देणारा अर्ज निकालापासून ४५ दिवसांच्या आत करावा लागतो. गरजेचा काळ आणि कागदाचे आयुष्य यांचा असा मेळ असला म्हणजे तंत्राची निवड योग्य झाली असे म्हणता येते.

या कामात अडचणी आल्याच नाहीत असे नाही. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत अनेक व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. केंद्रांतील प्रखर प्रकाशाचा यंत्रातील संवेदकांवर परिणाम झाल्याचे निवडणूक आयोगाने सांगितले. त्यानंतर संवेदकावर प्रकाश पडू नये म्हणून आडोसा करण्यात आला आणि हवेतील दमटपणा शोषून न घेणारा कागद वापरण्याचे ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मध्य प्रदेशात सर्वत्र ही यंत्रे वापरली गेली.

आता घरच्या कागदांकडे वळावयास हवे. शिधावाटप दुकानातील यंत्राची पावती, बसचे तिकीट, बँकेच्या यंत्रातून निघणारी चिठ्ठी, वजनकाट्याची पावती, रुग्णालयातील हृदयालेख, सोनोग्राफीचे चित्र, यांतील पुष्कळसे याच कागदावर असते. तिकिटाचे काम प्रवासापुरते. ते पुसले गेले तरी बिघडत नाही. पण धान्य विकून आलेल्या शेतकऱ्याच्या पावतीवरून दोन वर्षांनी वाद निघाला आणि हाती कोरा कागद राहिला, तर त्याची बाजू कोण ऐकणार? हृदयालेख जपून ठेवण्याच्या हेतूने त्यावर गरम प्लॅस्टिकचे आवरण चढविणारे तर तो स्वहस्ते काळा करून घेतात.

म्हणून जन्म-मृत्यूचे दाखले, खसरा वा सातबाराचे उतारे, सेवापुस्तकातील नोंदी यांसाठी हे मुद्रण वापरू नये. तेथे साधा कागद आणि शाईची किंवा लेसर यंत्राची छपाईच हवी. गोदामातील पोत्यांवर, औषधांच्या वेष्टनांवर दीर्घकाळ टिकणारी चिठ्ठी हवी असेल, तर उष्णतेचेच एक निराळे तंत्र उपलब्ध आहे. त्यात तापकामुळे फितीवरील मेणयुक्त शाई वितळून साध्या कागदावर बसते. खर्च थोडा अधिक, पण अक्षर टिकाऊ. कार्यालयांतील नस्तीत औष्णिक पावती लावताना सोबत तिची छायाप्रत लावावी आणि रक्कम व दिनांक मूळ पावतीच्या पाठीमागे लेखणीने लिहावा.

आणखी एक सूचना. अशा पुष्कळ कागदांच्या लेपात बिस्फेनॉल नावाचे द्रव्य असते. त्यातील एका प्रकारावर युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून कडक मर्यादा घातली आहे. अशा पावत्यांत खाऊ बांधू नये, लहान मुलांच्या हाती खेळावयास देऊ नयेत.

कागद कोणता, हे ओळखावयास यंत्र लागत नाही. पावतीच्या गुळगुळीत बाजूवर नखाने झटकन रेघ ओढावी. घर्षणाच्या उष्णतेने काळसर रेघ उमटली, तर ती पावती त्याच दिवशी छायाप्रतीच्या दुकानी न्यावी. मूळ पावती कागदी पाकिटात घालून पेटीत तळाशी ठेवावी. देवघरातील दिव्याजवळ किंवा खिडकीच्या फळीवर नव्हे.