गिधाडे कोठे गेली?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



या प्रसंगी मी दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शास्त्रीय विषयावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. तथापि एका पक्ष्याची हकीकत मी गेली काही वर्षे मिळेल तेथून वाचीत आलो आहे. मंगल प्रसंगी गिधाडाचे नाव घेतो याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

रायगड जिल्ह्यातील आमच्या गावी मेलेले जनावर माळावर टाकले की थोड्याच वेळात आकाशात घिरट्या सुरू होत, आणि सायंकाळपर्यंत केवळ सांगाडा उरे. १९९९ साली आमचा बैल आजारी पडला. वेदना कमी व्हाव्यात म्हणून त्यास इंजेक्शन देण्यात आले. तरी दुसऱ्याच दिवशी तो गेला. माळावर पाच-सहा गिधाडे उतरली. त्यानंतर त्या माळावर गिधाड उतरलेले मी पाहिले नाही. त्या इंजेक्शनाचे नाव विचारण्याचे मला त्या वेळी सुचले नाही.

त्याच सुमारास राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश गिधाडांची घरटी मोजीत होते. दहा वर्षांत घरटी निम्म्याहूनही कमी झाली होती. माना खाली घालून बसलेले पक्षी झाडांवरून मरून पडत होते. पक्षिशास्त्रज्ञ मोजू शकत होता, परंतु मृत्यूचे कारण त्याच्या शास्त्राच्या कक्षेत नव्हते. एखादा विषाणू असावा असा पुष्कळांचा तर्क होता, आणि त्याच्या शोधात काही वर्षे गेली.

उत्तर सापडले ते पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्याने मृत गिधाडांचे शवविच्छेदन केले, तेव्हा आतील अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर आढळला; म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. रोगजंतू नाहीत, कीटकनाशक नाही, शिसे नाही. मग त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली, जी मला सर्वांत मोलाची वाटते: गुरांना हल्ली कोणती औषधे देता, अशी चौकशी त्यांनी गुरांचे डॉक्टर व औषधविक्रेते यांच्याकडे केली. त्यातून डायक्लोफेनॅक या स्वस्त वेदनाशामकाचे नाव पुढे आले. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांची तपासणी केली. २५ही पक्ष्यांत ते औषध निघाले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांत ते एकातही नव्हते. हे संशोधन जानेवारी २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता गणिताची पाळी आली. एखाद्या औषधाने एवढी मोठी जात नष्ट व्हावी, हे पुष्कळांना पटेना. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि एका जनावरावर डझनावारी पक्षी जेवतात; हा हिशेब मांडता असे दिसले की शंभरांत एकाहूनही कमी जनावरांत औषध असले तरी संहार होण्यास पुरेसे आहे. पुढे भारतातील मेलेली गुरे प्रत्यक्ष तपासली, तो शंभरांत सुमारे दहांत ते निघाले! १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत हजारी एक उरले.

केवळ बंदी घालून भागणार नव्हते, कारण शेतकऱ्याच्या बैलाला औषध तर हवेच. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही, हे सिद्ध झाले आणि २००६ साली डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर आपल्या सरकारने बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळू लागल्या. त्या २०१५ साली ३ मिलिलिटरवर आणाव्या लागल्या. येथे कायदा जाणणाराही लागलाच. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. मुंबईतील पारशी समाजाला डुंगरवाडीवर सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली, हेही जाता जाता सांगतो.

शेवटी अर्थशास्त्रज्ञ आले. जेथे गिधाडे पूर्वी विपुल होती आणि जेथे नव्हती, अशा जिल्ह्यांतील मृत्यूंची तुलना करून दोघा संशोधकांनी २०२४ साली असा अंदाज मांडला की, २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. मढी उघड्यावर कुजली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढली. तो आकडा वाचला त्या रात्री मला आमचा माळ आठवला.

आता मंडळाविषयी. आपल्या शिष्यवृत्तीच्या नियमांत वैद्यकी व अभियांत्रिकी ही दोनच नावे आहेत. गेल्या वर्षी पशुवैद्यकीच्या एका विद्यार्थिनीचा अर्ज याच नियमावर बोट ठेवून परत पाठविण्यात आला. ‘गुरांची डॉक्टर होऊन काय करणार?’ असे कोणीसे म्हणाले व आपण हसलो. अर्ज नाकारण्यासाठी वर झालेल्या हातांत माझाही एक हात होता. पशुवैद्यकी, प्राणिशास्त्र, संख्याशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांनाही शिष्यवृत्ती खुली करावी, असा ठराव मी चिटणीसांकडे लेखी दिला आहे. माझ्या निवृत्तिवेतनातून १०,००० रुपयेही त्यासाठी जमा केले आहेत. भोजनापूर्वी तो ठराव सभेपुढे यावा, आणि त्या मुलीचा अर्ज दप्तरात असेल तर तोही काढून ठेवावा, एवढी अध्यक्षांना विनंती आहे.