सुटलेली नोकरी व जोडलेलीं वर्षें

नोकरी सुटली कीं भविष्यनिर्वाह निधीचा पैसा उचलून मोकळें व्हावें, असा पुष्कळांचा कल असतो. हक्काचा पैसा घेण्यांत वावगें तें काय, असें आपण विचाराल. परंतु मालकाच्या वर्गणीचा एक भाग १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेंत जातो, आणि तेथें रकमेपेक्षां वर्षांना मोल अधिक. १० वर्षें सेवा भरली, तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून आजन्म पेन्शन मिळते. पश्चात् पत्नीलाही तिचा आधार होतो.

समजा, एका गृहस्थांनीं एकीकडे ६ व दुसरीकडे ५ वर्षें नोकरी केली. मध्यंतरीं पेन्शनची रक्कम उचलली असेल, तर पहिलीं ६ वर्षें पुसलीं गेलीं. उरलेल्या पांचांवर पेन्शन नाहीं. तीच सेवा जोडून घेतली, तर ११ वर्षें भरतात!

म्हणून नवी नोकरी मिळतांच जुनें खातें तिकडे वर्ग करावें. ती मिळाली नसेल, तर सेवेच्या वर्षांचें योजना-प्रमाणपत्र मागून घ्यावें व जपून ठेवावें. अडचणीच्या वेळीं हा उपदेश कठोर वाटेल, हें मी जाणतों. तथापि अर्जावर सही करण्यापूर्वीं पतिपत्नींनीं एकत्र बसून आधीं वर्षें मोजावींत, मग रुपये.