मतदाराचे मन : नाशिकचा अनुभव

मतदार जात पाहून मत देतो, असे आपण सहज बोलून जातो. नाशिकचा अनुभव इतका सरळ नाही. १९३० मध्ये येथील काळाराम मंदिराचे दरवाजे सत्याग्रहींना बंद राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याचे अग्रणी दादासाहेब गायकवाड यांना १९५७ मध्ये याच नाशिकने लोकसभेवर पाठविले. २७ वर्षांत समाजाचे मन पूर्ण पालटले, असे मी म्हणणार नाही. मतदान करताना माणूस एकटा असला, तरी भावकी, शेजार आणि त्या काळचे वारे त्याच्या मनात असतातच. तेव्हा वारे संयुक्त महाराष्ट्राचे होते. समितीच्या बाजूने मत देताना अनेकांनी पूर्वग्रह, तात्पुरता का होईना, बाजूला ठेवला असावा. १९६० मध्ये राज्य मिळाले. १९६२ मध्ये ही जागा काँग्रेसकडे गेली. चिनी आक्रमणाच्या काळात संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ च्या पोटनिवडणुकीत येथूनच बिनविरोध निवडून आले. संकटाच्या जाणिवेने पक्षभेद विरले खरे. पण त्या वेळी नाशिककरांना मत देण्याची वेळच आली नाही.