आधी फोटो, मग पाणी



पाऊस सरला, की कोपरच्या इमारतींवर
शेवाळाचे काळे-हिरवे ओघळ उरतात.
मग दिवाळीआधी सोसायट्या
वॉटर जेटवाल्यांना बोलावतात.

जेटचा जोर मोठा.
सैल रंग उडतो.
खिडकीच्या फटीतून पाणी घरात शिरतं.
खाली उभ्या गाडीवर प्लास्टरचा तुकडा पडतो.

भरपाई कुणी द्यायची?

निष्काळजीपणा झाला असेल, तर व्यावसायिकानं.
चूक कामगाराच्या हातून झाली, तरीही व्यावसायिकानंच.
‘पोरगं नवीन होतं’ ही सबब चालत नाही.

पण तडा आधीचाच असेल तर?
खरं भांडण इथंच पेटतं.

म्हणून जेटवाल्या मंडळींनो, आधी फोटो, मग पाणी.
सेक्रेटरींना सोबत घेऊन फिरा.
भिंत, काचा, एसीची बाहेरची पेटी, सगळं टिपा.
कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

थर्ड पार्टी नुकसानीचा विमाही काढा.
मात्र अटी वाचा.
ज्या भिंतीवर काम चालू आहे,
तिचंच नुकसान बऱ्याच विम्यांतून वगळलेलं असतं.
छत्री घ्यावी आणि नेमकं डोकं भिजावं, तसलाच हा प्रकार!

काही फुटलंच, तर लपवू नका.
त्याच दिवशी त्या वस्तूच्या मालकाला कळवा.
विमा कंपनीलाही कळवा.
आणि पुढच्या कामाला पुन्हा तेच:
आधी फोटो, मग पाणी.

आता ग्राहकांसाठी.
बोलून तोडगा निघाला नाही,
तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.
मुदत २ वर्षांची.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.
लिहून घ्या.
एक, नऊ, एक, पाच.