मेथीचं पाणी आणि वालाचं बिरडं

मधुमेह निघाला की पेण-रोह्याकडच्या कितीतरी घरांत पहिला उपाय ठरतो तो रात्री चमचाभर मेथी भिजत घालायचा. सकाळी पाणी प्यायचं, दाणे टाकून द्यायचे. मेथीचा गुण खोटा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. आर. डी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी तो तपासला होता. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात इन्शुलिनवरच्या रुग्णांना दहा दिवस, दोन्ही जेवणांतून मिळून, रोज १०० ग्रॅम तेल काढलेली मेथीपूड दिली. लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी उतरली. आता आपला चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम, आणि त्यातलेही दाणे मोरीत! मेथीतले बुळबुळीत तंतू पिष्टाची साखर रक्तात सावकाश उतरू देतात, आणि त्यांतले बरेचसे दाण्यातच राहतात. तेव्हा दाणे चावून खावेत, नाहीतर पूड भाकरीच्या पिठात घालावी.

पण माझा मुख्य मुद्दा ताटाचा आहे. जवसाची, तिळाची, कारळ्याची चटणी डावीकडे आली आणि मधला भाताचा ढीग तसाच राहिला, तर फारसं काही बदलत नाही. १०० ग्रॅम तांदळात पाऊणशे ग्रॅमहून अधिक कर्बोदकं. मोठ्या चमचाभर जवसातले दोन-अडीच ग्रॅम तंतू त्याला किती पुरे पडणार? सकाळचे पोहे, मग ते पेणचे का असेनात, तेही तांदूळच. म्हणून बी भाताच्या जोडीला नव्हे, भाताच्या जागी यायला हवं. तसं पोटभर खाता येणारं बी आपल्या शेतात आहेच: वाल. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो, थंडीत शेंगा भाजायच्या पोपटीच्या मडक्यात जातो आणि पुढे वर्षभर सोलून केलेल्या उसळीत, म्हणजे बिरड्यात. सुक्या वालात वजनाचा साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं असतात. नेहमीचा भात अर्धा करून तेवढी जागा बिरड्याला दिली, तर जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. त्यापुढे चियाची महागडी पाकिटं मला अनावश्यक वाटतात.

कोणी म्हणेल, आजे-पणजे भातावरच जगले. खरं आहे, पण दिवसभर चिखलात लावणी करून, आणि बऱ्याचदा हातसडीच्या तांदळावर. शिवाय तेव्हा साखर तपासत तरी कोण होतं? वाल वातूळ ही तक्रार मात्र रास्त. भिजवून मोड आणावेत, फोडणीत हिंग-ओवा घालावा आणि सुरुवात वाटीभराऐवजी दोन पळ्यांनी करावी. सोलताना सालीबरोबर चोथा जातो, हेही कबूल; म्हणून हंगामात कोवळ्या शेंगा सालीसकट खाव्यात. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर भात एकदम अर्धा करण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस तोच राहिला तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर वाल किती खायचा हेही त्यांनाच विचारा.