अकारण गुठळी : शरीराची पूर्वसूचना

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानाचा सारांश)



तुंगार्ली म्हटले की हवापालट आलाच. मुंबई-पुण्याची वडीलधारी मंडळी येथे विश्रांतीसाठी येतात. तरुण मंडळी तलावाच्या वाटेने राजमाचीकडे पायपीट करतात. अशा वेळी एखाद्याचा एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर घरचे म्हणतात, "चालण्याची सवय नाही, तेल लावून चोळा, उतरेल." पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही वेळा पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असते. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जीवावर बेतते. म्हणून अशी सूज दिसताच चोळण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

गुठळी होण्याचे कारण बहुधा सापडते. शस्त्रक्रिया, प्लास्टरमध्ये ठेवलेला पाय, दीर्घकाळ अंथरुणाला खिळणे, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या किंवा तासन्‌तास बसून केलेला प्रवास ही त्यांतील नेहमीची कारणे होत. प्रश्न उरतो तो असे काहीही नसताना झालेल्या गुठळीचा. क्वचित तिच्यामागे शरीरात दडलेला कर्करोग असतो.

हा संबंध फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी पॅरिसमधील आपल्या व्याख्यानांतून १८६५ च्या सुमारास ठळकपणे मांडला. दैवगती अशी, की पुढे त्यांच्या स्वतःच्याच शरीरात गुठळी झाली. तिचा अर्थ त्यांनी तत्काळ ओळखला आणि आपल्या शिष्याला सांगितला. १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आजही या लक्षणसमूहाला त्यांचेच नाव आहे.

असे का घडते? कर्करोगाच्या काही पेशी रक्त गोठविणारी द्रव्ये निर्माण करतात. वाढती गाठ जवळच्या शिरेवर दाब आणून रक्तप्रवाह मंदावते. स्वादुपिंड, जठर, फुप्फुस, अंडाशय व मेंदू यांच्या कर्करोगांत हा धोका विशेष आढळतो.

तथापि, गुठळी म्हणजे कर्करोगच असे मानून कोणीही खचून जाऊ नये. कॅनडात अकारण गुठळी झालेल्या ८५४ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात त्यांपैकी ३३ जणांत, म्हणजे शेकडा चारांहूनही कमी रुग्णांत, कर्करोग आढळला. नेहमीच्या तपासणीला पोटाच्या सीटी स्कॅनची जोड देऊनही विशेष लाभ झाला नाही. म्हणजे सरसकट महागड्या तपासण्यांची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती मोकळेपणाने बोलण्याची.

वजन अकारण घटले आहे काय? भूक मंदावली आहे काय? शौचावाटे रक्त जाते काय? खोकला हटत नाही काय? स्तनात गाठ लागते काय? पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला काय? हे संकोचाने दडवून ठेवलेले प्रश्न असतात. ज्येष्ठ मंडळी मुलांना त्रास नको म्हणून बोलत नाहीत, भगिनी लाजेपोटी बोलत नाहीत. डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता हे आपणहून सांगावे. त्यावरूनच सर्वांगाची तपासणी, रक्ताच्या साध्या चाचण्या, छातीचा एक्स-रे आणि वयानुरूप चाचण्या यांना दिशा मिळते. संशय बळावल्यास पुढील उपचारांसाठी मुंबईत परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहेच.

रक्त पातळ ठेवणारे औषध सूज उतरली म्हणून स्वतःच्या मनाने थांबवू नये. हा इशारा प्रत्येक वेळी पुरेसा लवकर मिळतोच असे नाही. कित्येकदा रोग आधीच पसरलेला असतो. म्हणूनच मिळालेला इशारा वाया घालवू नये. एका पायाची सूज घरात वेळीच बोलली गेली, तरी एखाद्या कुटुंबाचा आधार वाचू शकेल.