जुन्या लाकडाचे मोल



किरनापूर-बालाघाटच्या या सागाच्या मुलखात जुने घर उतरवले की चौकटी, तुळया, कवेलू पुष्कळदा मातीमोल विकली जातात आणि नव्या सजावटीसाठी प्लायवूड आणले जाते. हा व्यवहार उफराटा आहे. अनेक पावसाळे पाहिलेला साग पुरता मुरलेला असतो. तो सहसा वाकत नाही, पिळत नाही. चुन्यात बांधलेली वीट सुटी करून पुन्हा लावता येते. सिमेंटने धरलेली बहुधा फुटूनच निघते. मात्र वाळवीने खाल्लेला भाग आधी कापावा, खिळे उपटावेत, मगच रंधा फिरवावा. नाहीतर पात्याची धार गेलीच! ग्रंथालयांनी तरी दुरुस्तीच्या वेळी जुनी सागवानी कपाटे भंगारात घालू नयेत. एखादी फळी वाकली असेल, तर तेवढीच बदलावी.